आकड्याला आडनाव हवे

"तुमचा आकडा काय आला?" मंडळाच्या आरोग्य तपासणी शिबिरात शुक्रवारी सकाळी सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न हाच. उत्तरही तसेच तुटक असते. "पाच पॉइंट नऊ." "माझा आठ." मग ज्याचा आकडा लहान तो खुशीत शिऱ्याच्या टेबलाकडे वळतो आणि ज्याचा मोठा तो सुस्कारा टाकून पोह्यांवर समाधान मानतो.

गेल्या वर्षीच्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मी बसलो होतो. संगणकावर काम करणारा माणूस म्हटल्यावर याद्या, तक्ते आणि टक्केवारी हे खाते आपोआप माझ्याकडे आले. ते काम करताना, आणि त्याच शिबिरात खुद्द माझ्या वडिलांच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक निस्तरताना, एक गोष्ट मनाशी पक्की झाली. कसे मोजले हे न सांगता सांगितलेला आकडा अर्धवट असतो, आणि अर्धवट आकडा कधीकधी अजिबात आकडा नसण्यापेक्षाही वाईट ठरतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचाराबद्दल सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. पण मोजमाप आणि नोंदी यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून हे चार शब्द.

आधी चुकीची हकिगत सांगतो. बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. शिबिर होतेच, म्हणून त्यांनाही घेऊन गेलो. "काही खाल्लं नाही ना?" असे टेबलावरच्या स्वयंसेवकाने विचारले. "छे, सकाळपासून उपाशी आहे," बाबांनी ठासून सांगितले. बोटाला सुई टोचली, यंत्राने ६.८ दाखवले. मी ते त्यांच्या डायरीत 'शुगर ६.८' असे लिहिले आणि रात्री धाकट्या भावाला फोनवर तेवढेच सांगितले.

आता गंमत बघा. इथे बहरीनमध्ये रक्तातील साखर मिलिमोल प्रति लिटर या एककात सांगतात. आपल्याकडे भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे उपाशीपोटीची साखर तिकडे ९५, ११०, १३० अशी असते, ६.८ असा आकडा कुणी ऐकलेलाच नसतो. पण 'तीन महिन्यांची साखर' म्हणून जी तपासणी ओळखली जाते, त्या एचबीए१सीचा आकडा मात्र टक्क्यांत, म्हणजे ६, ७, ८ असाच असतो. भावाने साहजिकच ६.८ ही तीन महिन्यांची साखर समजली. त्या तपासणीत ६.५ आणि त्यावरचा आकडा मधुमेहाकडे बोट दाखवतो. बाबा परत गेल्यावर डायरी घरच्या डॉक्टरांना दाखवली गेली, भावाने "तीन महिन्यांची आहे" असे सांगितले, आणि डॉक्टरांनी त्या आकड्याला धरून गोळी सुरू केली. त्यांना जे सांगितले गेले त्यावरून त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. चूक माझ्या लिहिण्यात होती.

पुढचे दोन महिने बाबांची भूक मेली, पोट बिघडलेले राहिले, वजन चार किलोंनी उतरले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत रोज जाणारा माणूस दुपारभर पडून राहू लागला. आई फोनवर रडवेली झाली. शेवटी भावाने डायरीच्या पानाचा फोटो पाठवला, तो पाहिला आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. ६.८ मिलिमोल म्हणजे भारतातले साधारण १२२. मधुमेहाच्या १२६ या रेषेच्या अलीकडचे! त्यात सौ.ने आठवण करून दिली, "अहो, त्या दिवशी पहाटे साडेपाचला दोन कप चहा घेतला होता त्यांनी, साखर घालून." बाबांना विचारले तर ते म्हणाले, "चहा म्हणजे काय खाणं आहे का? तो उपासालासुद्धा चालतो."

पुन्हा प्रयोगशाळेत रीतसर तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गोळी बंद केली. साखर सीमेवर आहे, गोळी नको, चालणे सोडू नका, असे सांगितले. बाबा आता बरे आहेत. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या वहीत एकक लिहिले नाही म्हणून अर्धा मार्क कापणारे आमचे सर मला त्या रात्री फार आठवले.

एकक, पद्धत, व्याख्या

एका गावात दहा पांडुरंग असतात, म्हणून आडनाव लागते. आकड्याचे तसेच आहे. एकक हे त्याचे आडनाव. १९९९ साली अमेरिकेच्या नासाचे मंगळाकडे निघालेले एक यान याच कारणाने गमावले. एका गटाचे आकडे ब्रिटिश एककात होते, दुसऱ्या गटाने ते मेट्रिक समजून वापरले. जगातल्या हुशार माणसांचे असे होते, तिथे आपली काय कथा! बहरीन आणि भारत अशा दोन्हीकडे डॉक्टर असणाऱ्या आपल्या घरांनी एवढे पाठ करावे : इथल्या साखरेच्या आकड्याला १८ ने गुणले की भारतातला आकडा मिळतो. कोलेस्टेरॉलला साधारण ३९ ने गुणावे, म्हणजे इथले ५.२ तिकडचे सुमारे २०० होतात.

दुसरी गोष्ट पद्धतीची. बोटातून थेंब घेणाऱ्या घरगुती यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे त्यात, साखर १००च्या वर असेल तर शंभरातील किमान ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे असले तरी यंत्र उत्तीर्ण धरले जाते. म्हणजे यंत्राने १२२ दाखवले तेव्हा खरा आकडा १०५ असू शकतो, १४० च्या आसपासही असू शकतो. यंत्र वाईट नाही. रोजचा कल बघायला ते उत्तम आहे, पण त्यावरून मधुमेहाचे निदान करायचे नसते.

तिसरी गोष्ट व्याख्येची. 'उपाशी' या शब्दाचा बाबांच्या मनातला अर्थ वेगळा होता आणि तपासणीला हवा असलेला वेगळा : किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही नाही. संशोधनाच्या भाषेत याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. शब्दाचा अर्थ काय असे न विचारता, तो आपण नेमका कोणत्या कृतीने ओळखणार हे आधी ठरवायचे. "उपाशी आहात का?" याऐवजी "काल रात्री शेवटचे काय आणि किती वाजता खाल्ले? आज सकाळी चहा, दूध, सरबत घेतले का?" असे विचारले असते तर दोन कप चहा तिथेच पकडला गेला असता.

रक्तदाबाचेही असेच. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, न बोलता, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे अशी पद्धत आहे. अर्धा तास आधी चहा-कॉफी किंवा सिगारेट नको. आपल्या शिबिरात माणूस दोन जिने चढून येतो, बाही वर सारतो आणि पट्टा बांधून घेता घेता शेजारच्याशी गणपतीच्या वर्गणीवरून वाद घालतो. त्या आकड्यात रक्तदाब किती आणि वर्गणी किती, हे कोण सांगणार?

काटा बरोबर, पण मोजतोय काय?

मोजमापाचे दोन गुण पाहावे लागतात. एक विश्वसनीयता : तीच गोष्ट पुन्हा मोजली तर तोच आकडा येतो का? दुसरा वैधता : जे मोजायचे आहे तेच मोजले जाते का? घरचा वजनकाटा रोज दोन किलो कमी दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, पण त्याचा आकडा खरा नाही. त्यावर वजन वाढले की घटले हे कळेल, किती आहे हे कळणार नाही.

वैधतेचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. वजन किलोमध्ये घेऊन त्याला उंचीच्या (मीटरमधील) वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. तो मोजायला सोपा आणि पुन्हा पुन्हा तोच येणारा. पण तो चरबी मोजतो का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच जोडी उदाहरण म्हणून छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आकडा तोच, देह निराळे. दिसायला सडपातळ पण आतून चरबी राखून असणारा भारतीय देह हा डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासाचा विषय आहे. आशियाई लोकांत धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो हे लक्षात घेऊन तज्ज्ञांनी आपल्यासाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध राहण्याची शिफारस केली आहे. तेव्हा इथल्या जिममधल्या तक्त्यावर तुम्ही 'नॉर्मल'मध्ये आलात म्हणून लगेच बासुंदीची वाटी पुढे करू नका. कमरेचा घेरही मोजा.

मोजणाऱ्याचा हातही आकड्यात शिरतो. सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र, थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज घेण्याच्या कामात हे दाखवून दिले. शेतातला एक तुकडा आखून घ्यायचा, तेवढेच पीक कापायचे, वजन करायचे आणि त्यावरून एकरी उत्पादन काढायचे अशी ती रीत. तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते असे त्यांना आढळले. कारण साधे आहे. आखलेल्या रेषेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर? मोजणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. तुकडा जेवढा लहान तेवढी कडेची रोपे प्रमाणाने जास्त, म्हणून चूकही जास्त. यात कुणाची लबाडी नव्हती. पण अशी चूक नेहमी एकाच बाजूला झुकते, आणि शंभर तुकडे कापले तरी सरासरीत ती पुसली जात नाही. नियम आधी लिहून ठेवणे हाच तिच्यावर उपाय.

जे आले आणि जे आले नाहीत

आता मंडळाच्या टक्केवारीकडे येतो. शिबिर संपल्यावर मी तक्ता केला. आलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाची साखर जास्त निघाली. लगेच कुणीतरी म्हणाले, "स्टेजवरून जाहीर करू या, बहरीनमधल्या मराठी माणसांत तिघांत एकाला मधुमेह!" मी विरोध केला, थोडी वादावादीही झाली. आज शांतपणे कारण सांगतो.

शिबिराला कोण आले? ज्यांना शंका होती ते, ज्यांच्या घरात मधुमेह आहे ते, ज्यांना शुक्रवारी सुटी होती ते, आणि आमच्यासारख्यांनी ओढून आणलेले आईबाप. कोण आले नाही? रुग्णालयात आणि हॉटेलात शुक्रवारीही ड्युटी असणारे, भाड्याच्या खोलीत चौघे मिळून राहणारे तरुण, सित्र्याच्या बाजूला कंपनीच्या निवासात राहणारे कामगार, आणि ज्यांना मधुमेह आहे हे आधीच माहीत आहे व ज्यांचे उपचार चालू आहेत असे बरेच जण. शिवाय परदेशातल्या वस्तीची एक खास अडचण असते : आजार बळावला की माणूस मायदेशी परततो आणि यादीतून गळतो. म्हणजे आपला आकडा काही कारणांनी फुगलेला, काही कारणांनी आटलेला. किती फुगला आणि किती आटला हे शिबिराच्या यादीवरून कळण्याचा मार्ग नाही.

घरोघर जाऊन मोजल्याने काय फरक पडतो हे गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या दारात बसून मोजत राहिले असते तर बाकीच्या स्त्रिया कुणाच्या तक्त्यात कधी आल्याच नसत्या. जो येत नाही त्याचे दुखणे नसते असे नव्हे, ते फक्त मोजले जात नाही.

आकड्यांच्या चार जाती

तक्ते करताना आणखी एक चूक सर्रास होते, सरसकट सरासरी काढण्याची. स्टॅन्ली स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली मापनाच्या चार पातळ्या सांगितल्या. पहिली नुसत्या नावाची : आपल्या पत्त्यातला ब्लॉक नंबर. अदलियाचा ब्लॉक ३३८ हा काही दुसऱ्या ब्लॉकपेक्षा मोठा नाही, आणि सर्वांच्या ब्लॉक नंबरची सरासरी काढली तर हसूच होईल. दुसरी क्रमाची : शाळेतला पहिला, दुसरा, तिसरा नंबर. क्रम कळतो, पण पहिल्या-दुसऱ्यातले अंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्यातले अंतर सारखे असेलच असे नाही. तिसरी समान अंतराची : तापमान. जानेवारीत २० अंश आणि ऑगस्टमध्ये ४० अंश म्हणजे उकाडा दुप्पट झाला असे म्हणता येत नाही, कारण तिथला शून्य हा खरा शून्य नाही. चौथी प्रमाणाची : वजन, उंची, पगार. चाळीस दिनार हे वीस दिनारांच्या दुप्पटच.

कार्यक्रमानंतर आपण 'उत्तम, चांगला, बरा, वाईट' अशा खुणांचे कागद भरून घेतो आणि 'सरासरी ३.७' असे अभिमानाने छापतो. ही दुसरी जात. त्यापेक्षा किती जणांनी 'उत्तम' म्हटले आणि किती जणांनी 'वाईट', हे सरळ सांगितलेले बरे.

रुपयात की दिनारात?

हे पान आरोग्याबरोबर अर्थकारणाचेही आहे, आणि खिशालाही हेच नियम लागू आहेत. "ठेवीवर सात टक्के मिळाले" हाही आडनाव नसलेलाच आकडा. २०१० साली एका दिनाराला साधारण १२० रुपये मिळत, २०२३ च्या अखेरीस साधारण २२०. समजा २०१० मध्ये शंभर दिनार भारतात पाठवले, त्याचे बारा हजार रुपये झाले आणि ते सात टक्के चक्रवाढीने तेरा वर्षे ठेवले. त्याचे साधारण २८,९०० रुपये झाले. रुपयात पैसे दुपटीहून जास्त! पण ते पुन्हा दिनारात मोजले तर सुमारे १३१ दिनार, म्हणजे वर्षाला जेमतेम दोन टक्के. यातला कोणता आकडा खरा? दोन्ही खरे. साताऱ्यात घर बांधायचे असेल तर रुपयाचा हिशोब धरावा, मुलीची परदेशातली फी भरायची असेल तर दुसरा. आधी कशासाठी मोजतोय ते ठरवायचे, मग एकक निवडायचे. तेव्हा कुणी मित्र परताव्याचा आकडा सांगेल तेव्हा तीनच प्रश्न विचारा : कोणत्या चलनात, किती वर्षांत आणि खर्च वजा जाता की धरून?

मंडळाला विनंती

तक्रार करून थांबणे हा आपला जुना स्वभाव. म्हणून पुढच्या शिबिरासाठी काही सूचना करतो.

एक. प्रत्येकाला छापील कार्ड द्यावे. त्यावर आकडा, एकक, यंत्र की प्रयोगशाळा, शेवटचे खाणे किती वाजता, आणि तारीख, एवढे रकाने असावेत. तीच एककाची रीत दरवर्षी ठेवावी आणि शेजारी भारतीय एककातला आकडाही लिहावा.

दोन. रक्तदाबाच्या टेबलापूर्वी पाच खुर्च्या मांडाव्यात आणि तिथे पाच मिनिटे बोलण्यास बंदी करावी. (ही सूचना अमलात आणणे सर्वांत कठीण, याची मला कल्पना आहे.)

तीन. शिबिराच्या यादीवरून समाजाची टक्केवारी जाहीर करू नये. खरोखर जाणून घ्यायचे असेल तर सभासदांच्या पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबे निवडावीत आणि त्यांच्याकडे जावे. जे भेटत नाहीत त्यांच्याकडे पुन्हा जावे. शंभर आपणहून आलेल्यांपेक्षा चिठ्ठीने निघालेले पन्नास जण खरे चित्र जास्त दाखवतील. यादीत नसलेल्या मराठी कामगारांसाठी वेगळा प्रयत्न लागेल, तोही करावा.

चार. प्रश्न नेमके असावेत. "व्यायाम करता का?" याला सगळेच "हो" म्हणतात. "गेल्या सात दिवसांत किती दिवस अर्धा तास चाललात?" याला उत्तर देताना माणूस बोटे मोजतो. आणि सिगारेट-दारूचे प्रश्न मंडळाच्या काकांच्या देखत विचारू नयेत. कागदावर, नाव न घालता विचारावेत.

पाच. नावानिशी आकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नयेत. बहरीनमध्ये २०१८ च्या ३० क्रमांकाच्या कायद्याने वैयक्तिक माहितीला संरक्षण दिले आहे आणि आरोग्याची माहिती त्यात संवेदनशील मानली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपली साखर कुणाला सांगायची हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. एकदा का यादी फिरली की पुढच्या वर्षी लोक येणार नाहीत.

यावर कुणी म्हणेल, "एवढ्याशा शिबिराला हा शास्त्राचा पसारा कशाला?" शिबिर थांबावे असे माझे अजिबात म्हणणे नाही. त्यात काही जणांना आपल्या दुखण्याचा पहिल्यांदा पत्ता लागतो, हे पुण्याचे काम आहे. पण तिथला आकडा तिथेच राहत नाही. तो फोनवरून गावी जातो, डायरीत जातो, डॉक्टरांच्या टेबलावर जातो, आणि शेवटी कुणाच्या तरी पोटात गोळी होऊन जातो. त्याच्याबरोबर कार्डावरची एक ओळ पाठवायला असा कितीसा खर्च येणार?

बाबा येत्या हिवाळ्यात पुन्हा येणार आहेत. शिबिराला यायचे म्हणतात. परवा फोनवर म्हणाले, "या वेळी चहा घेणार नाही. पण तू नीट लिही."